लिलावातल्या गाडीचं बॉनेट बोलीआधी उघडू द्या

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,



वाहनांच्या लिलावाची सूचना पेपरात आली की आमच्या मुरुडमध्ये ती कापून ठेवली जाते, नाहीतर तिचा फोटो निदान दहा मोबाइलवर फिरतो. कर थकला म्हणून आपल्या वायुवेग पथकानं अटकावून ठेवलेली वाहनं, हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपनीनं ओढून आणलेली, विमा कंपनीनं टोटल लॉस ठरवलेली, पोलीस ठाण्याच्या आवारात बेवारस पडलेली. लिलाव करणारे वेगवेगळे, पण एक ओळ प्रत्येक सूचनेत सापडते: वाहन जसं आहे आणि जिथं आहे त्या स्थितीत विकलं जाईल, नंतर कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. ती काढून टाका, असं मी म्हणत नाही. थकलेला कर वसूल करायला काढलेल्या जुन्या गाडीची हमी सरकारनं द्यावी, असा हट्ट कुणी शहाणा माणूस धरणार नाही. पण गाडी ‘जशी आहे’ म्हणजे नेमकी कशी आहे, हे बोली लावणाऱ्याला आधी बघू द्या. आज ते बघायला मिळत नाही, किंवा बघितल्यासारखं करायला मिळतं.

मी मुरुडला गॅरेज चालवतो. लिलावाला निघालेले लोक मला सोबत नेतात, आणि ज्यांनी नेलं नाही त्यांतले बरेचजण पुढं गाडी टो करून माझ्या दारात आणतात. ही माणसं हौसेसाठी गाडी घेणारी नाहीत. एकदरा-राजपुरीचा मासळी विकणारा असतो, त्याला बंदरावरून अलिबागपर्यंत माल न्यायला पिकअप हवी असते. नांदगाव-काशीदकडचा खोल्या भाड्यानं देणारा असतो, त्याला पाहुणे आणायला ईको किंवा बोलेरो हवी असते. मिनीडोर थकली म्हणून दुसरं काहीतरी बघणारा चालक असतो. नवी गाडी आवाक्याबाहेर, जुन्या गाड्यांच्या दलालाचा भाव डोक्यावरून जाणारा, म्हणून हे लोक लिलावाकडे वळतात. त्यांच्याकडे एकदाच लावता येतील एवढेच पैसे असतात. ते चुकीच्या गाडीत गेले की पुढची तीन-चार वर्षं गेली.

किनाऱ्यावरच्या गाडीची पाहणी ही पुण्या-नाशिकच्या गाडीच्या पाहणीपेक्षा वेगळी असते, हे आपल्या खात्यानं लक्षात घ्यावं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खाऱ्या वाऱ्यातला मिठाचा कण पत्र्यावर बसतो आणि हवेतली ओल ओढून घेत राहतो. त्यामुळं पाऊस नसतानाही पत्र्याची फट आतून ओलीच राहते, आणि खारट ओलीत लोखंड साध्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर गंजतं. हा गंज बाहेरून आत येत नाही. दाराच्या खालच्या कडेत पाणी निघून जायला भोकं असतात, ती वाळू आणि पाचोळ्यानं बुजतात आणि दार आतून कुजायला लागतं. पायदानाखालचा बॉक्स, मडगार्डच्या आतली दुमड, स्टेपनीचा खड्डा, ब्रेकचे लोखंडी पाइप, डिझेलची लाइन, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, ही त्याची ठिकाणं. वरचा रंग चकचकीत असतो. रंगाला पहिला फोड येतो, तोवर आतलं काम झालेलं असतं.

त्यात वाळूवर गाडी घालणाऱ्यांची भर. काशीदला आणि मुरुडच्या चौपाटीवर सुटीच्या दिवशी गाड्या थेट पाण्याच्या कडेला नेल्या जातात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाल्यापासून तर मुंबईची गाडी तासाभरात या किनाऱ्यावर उतरते. लाटेचा फेस खालून चॅसीला लागतो, रुतलेली गाडी काढताना चाकं हबपर्यंत वाळूत फिरतात. घरी गेल्यावर माणूस गाडी वरून धुतो, खालून कुणी धूत नाही. दोन-तीन वर्षांनी तीच गाडी लिलावात येते, तेव्हा ती किनाऱ्यावर गेली होती हे कागदावर कुठंच नसतं.

मासळीच्या पिकअपची गोष्ट आणखी निराळी. ती खालून कमी आणि वरून जास्त कुजते. बर्फ वितळतो, मिठाचं आणि रक्ताचं पाणी हौद्याच्या फटींतून चॅसीवर ठिबकत राहतं, रोज. केबिन आणि हौदा यांच्यामधला आडवा मेंबर आणि त्याच्या मागची चॅसीची लांबी, इथं आधी बघायचं असतं. हौद्यावर नवा पत्रा मारलेला असेल तर मी जास्त सावध होतो.

मग वादळ आणि पूर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळी हजारोंनी आडव्या झाल्या, आणि त्यांच्याखाली लावलेल्या गाड्या टपापासून दबल्या. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, सावित्रीचं पाणी महाडात आणि वाशिष्ठीचं चिपळूणात शिरलं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही असंच झालं होतं. बुडालेल्या गाड्या भंगारात गेल्या असं लोकांना वाटतं. सगळ्या जात नाहीत. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा जास्त बोली लावणाऱ्याला विकते. तो धुऊन, सुकवून, सीटकव्हर बदलून पुन्हा बाजारात येतो. गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत कळवून नोंदणी पुस्तक परत करावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. पण ‘दुरुस्त होऊ शकते’ असं म्हटलं की कलम ५५ लागत नाही, पुस्तक जिवंत राहतं, आणि त्या पुस्तकात पुराचं नाव नसतं.

आता पाहणी कशी होते ते सांगतो, म्हणजे आम्ही काय मागतोय ते कळेल.

निम्मं काम घरी होतं. गाडीचा नंबर घेऊन ‘वाहन’ प्रणालीतली नोंद बघायची: पहिली नोंदणी कधीची, आत्ताचा मालक कितवा, कर्जाचा बोजा कुणाचा, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत, चलनं किती बाकी. हे सगळं आपल्या खात्याच्या नोंदींमुळं आता मोबाइलवर दिसतं आणि त्याबद्दल मनापासून आभार. दहा वर्षांपूर्वी एवढ्यासाठी पेणच्या आरटीओ कार्यालयात एक पूर्ण दिवस जायचा.

आवारात गेल्यावर आधी चॅसी नंबर. सतरा अक्षरांचा तो नंबर पुस्तकाशी अक्षर-अक्षर ताडून बघायचा. किनाऱ्यावरच्या गाडीत इथंच पहिली अडचण येते, कारण नंबर जिथं कोरलेला असतो तो पत्राच गंजानं खाल्लेला असतो. कुणीतरी तो वाचता यावा म्हणून पॉलिश पेपरनं घासलेला असतो. नाव बदलायच्या अर्जाला चॅसी नंबरचा पेन्सिलचा ठसा लावावा लागतो. तो नीट उठला नाही की निरीक्षकाला खाडाखोडीचा संशय येतो, आणि त्याचा तो संशय रास्तही असतो. पण बोली लावणाऱ्याचे पैसे तोवर भरून झालेले असतात. गाडी त्याच्या अंगणात, नाव मात्र दुसऱ्याचं, असे महिने जातात. लिलावाआधीच ठसा घेऊन बघितला असता तर हे दहा मिनिटांत कळलं असतं.

मग बॉडी. गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर खाली बसून उजेडाच्या विरुद्ध बाजूनं पत्र्याकडे बघायचं, पुट्टी भरलेली जागा पाण्यासारखी हलते. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवायचं, पुट्टीवर ते धरत नाही. बॉनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टचे कोपरे बघायचे. कंपनीतून आल्यापासून पान्हा लागला नसेल तर त्यांच्यावरचा रंग अखंड असतो. प्रत्येक काचेवर बनवल्याचं साल असतं. चार काचा एका सालच्या आणि एकच नंतरची असेल तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारायचं. टपावर झाड पडलेली गाडी ओळखायची तर आतलं छताचं अस्तर थोडं उचलून बघावं लागतं. कंपनीचे स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमधल्या वेल्डिंगला ती शिस्त नसते. पिलर कापून जोडलेली गाडी पुन्हा उलटली तर टप माणसांच्या डोक्यावर येतो, म्हणून हे बघणं भावासाठी जेवढं आहे तेवढंच जिवासाठी आहे.

पुराची गाडी वासानं ओळखता येते असं म्हणतात. महिना-दोन महिने काचा उघड्या ठेवून अत्तर मारलं की वास जातो. गाळ जात नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला पाण्याची रेघ असते, कारण बेल्ट धुताना कुणी तेवढा ओढत नाही. सीटच्या पट्टीचे बोल्ट बघा, डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचा एखादा कपलर सोडवा. तांब्यावर हिरवट थर आला असेल तर ती गाडी आज चालेल, पावसाळ्यात बंद पडेल, पुन्हा चालेल, आणि बिघाड कुठं आहे ते कुणालाच सापडणार नाही. खाऱ्या पाण्यात भिजलेलं वायरिंग तर पूर्ण बदलल्याशिवाय धडपणे चालत नाही.

किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर लोक खूश होतात. मी काळजीत पडतो. एअरबॅग एकदा फुटलेली आहे आणि कुणीतरी दिव्याचीच जोडणी काढली आहे, असं तेव्हा बहुधा निघतं. पण हे बघायला किल्ली आणि बॅटरी लागते. इंजिनाचंही तेच. इंजिन थंड असताना चालू करून बघायचं असतं. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही येत राहिला तर कूलंट आत जातंय. डिझेलला काळा जाड धूर असेल तर पंप-इंजेक्टरकडे बघायचं. ऑइलचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन किती येतं ते बघायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. वर्षभर आवारात उभी असलेली गाडी मात्र एकदम चालू करू नये. आधी क्रँक पान्ह्यानं हातानं फिरवून बघावा. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग वाचवता आली असती ती गाडीही जाते.

शेवटी गाडीखाली जायचं. टॉर्च घेऊन पाठीवर झोपायचं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं चॅसी ठोकत जायचं. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत असतो, कुजलेल्याचा बद्द. खालून ताजं काळं अंडरकोटिंग मारलेलं दिसलं तर तिथं दुप्पट वेळ ठोकायचं. ब्रेकच्या पाइपवर नखानं खरवडून बघायचं. साळावपासून मुरुडपर्यंत येताना जे चढ-उतार आणि वळणं आहेत, तिथं ब्रेकचा पाइप फुटणं काय असतं हे मला वेगळं सांगायला नको.

या सगळ्याला धड तास लागतो. आणि आमची गोष्ट या तासावर येऊन अडते.

एका फायनान्स कंपनीच्या यार्डात मी आमच्या एका कोळी दादांसोबत पिकअप बघायला गेलो होतो. किल्ली कार्यालयात होती, कार्यालय दुसऱ्या गावात. बॅटरी काढून ठेवलेली. गाड्या एकमेकींना इतक्या चिकटवून लावलेल्या की दार वीतभरही उघडत नव्हतं. खाली जायला विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, “बाहेरून बघा ना काका, फोटो टाकलेत की ॲपवर.” फोटोत गाडी चार बाजूंनी होती, खालून एकही नव्हता. मी दादांना म्हणालो, सोडा. पण हंगाम सुरू झाला होता, माल उचलायला गाडी हवीच होती, त्यांनी बोली लावली. गाडी आली तेव्हा केबिनमागचा मेंबर बोटानं फुटत होता. बोलीच्या निम्म्याएवढे पैसे चॅसीच्या कामात गेले आणि पावसाळ्याआधीचा सगळा हंगाम माझ्या गॅरेजात गेला. तक्रार करायची कुणाकडे? सूचनेत ओळ होती ना.

मुरुडच्या बाजारात सुरमई घेणारी बाई पैसे देण्याआधी कल्ला उचलून बघते आणि मासळीवाली तिला बघू देते. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. लाखांच्या गाडीला तेवढी मुभा असू नये, हे मला पटत नाही.

कायदाही माझ्या बाजूचा आहे, असं मला वाटतं. मालविक्री अधिनियम १९३० मध्ये खरेदीदारानं डोळे उघडे ठेवून घ्यावं हे तत्त्व कलम १६ मध्ये आहेच, पण डोळे उघडे ठेवायचे तर समोर काहीतरी दिसलं पाहिजे. कलम ६४ प्रमाणे हातोडा पडेपर्यंत बोली मागं घेता येते. आमच्या वाट्याला मात्र अशा अटी येतात की बोली मागं घेतली की अनामत जप्त. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये चंदीगड प्रशासन विरुद्ध अमरजित सिंग या निकालात सांगितलं की जाहीर लिलावात असलेली जागा आहे तशी घेणाऱ्याला नंतर ग्राहक म्हणून उणिवांची तक्रार करता येणार नाही. तो निकाल भूखंडांबद्दल होता. पण न्यायालयानं त्याचं कारण काय दिलं ते बघा: घेणाऱ्याला जागा आधी तपासायची संधी होती, आणि तिची स्थिती बघूनच त्यानं बोली लावली. म्हणजे ‘तक्रार ऐकणार नाही’ ही ओळ उभी आहे ती तपासणीच्या संधीवर. वाहनाच्या लिलावात ती संधी काढून घेतली आणि ओळ तेवढी ठेवली, तर ती ओळ कशावर उभी राहणार?

पोलिसांच्या आवारातल्या गाड्यांबद्दल सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं होतं की जप्त वाहनं ठाण्यात सडवत ठेवण्यात काहीच अर्थ नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ४९७ प्रमाणे न्यायालयानं समोर आलेल्या मालमत्तेचं वर्णन १४ दिवसांत तयार करायचं, फोटो काढायचे, गरज पडली तर व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. गुन्ह्यातल्या गाडीचं वर्णन लिहून ठेवणं जर कायद्यानं बंधनकारक होऊ शकतं, तर आपण विकायला काढलेल्या गाडीचं वर्णन लिहिणं अशक्य नाही.

जपानमध्ये जुन्या गाड्यांचे लिलाव वर्षानुवर्षं एका कागदावर चालतात. लिलावघराचा निरीक्षक गाडी तपासतो आणि एका पानावर छापलेल्या गाडीच्या चित्रावर खुणा करतो. ओरखड्याला एक अक्षर, पोचेला दुसरं, गंजाला तिसरं, कुजलेल्या पत्र्याला चौथं. अपघातात सांगाड्याला मार लागून दुरुस्त झालेल्या गाडीला ‘आर’ असा वेगळाच दर्जा मिळतो. हजारो मैलांवरचा माणूस त्या एका पानावर विसंबून बोली लावतो. ब्रिटनमध्ये विमा कंपनीनं निकाली काढलेल्या पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाडीला ऑक्टोबर २०१७ पासून एस किंवा एन असा शिक्का लागतो, एस म्हणजे सांगाड्याला मार, एन म्हणजे सांगाडा शाबूत. अमेरिकेत अनेक राज्यांत पुरात बुडालेल्या गाडीच्या मालकीपत्रावरच तसं छापलेलं असतं. ती गाडी तरीही विकली जाते, स्वस्तात विकली जाते, आणि घेणाऱ्याला माहीत असतं की स्वस्त का आहे. एवढंच आम्हाला हवंय.

आता नेमकं मागणं.

पहिलं, आपल्या स्वतःच्या कार्यालयांचे लिलाव पूर्ण आपल्या हातात आहेत. तिथं पाहणीचे दिवस सूचनेत असतातच. त्या दिवसांना अर्थ यावा म्हणून गाड्यांमध्ये दार पूर्ण उघडेल एवढी जागा ठेवा, किल्ल्या तिथंच ठेवा, एक चार्ज केलेली बॅटरी आणि एक जॅक-स्टँड तिथं असू द्या, आणि बोली लावणाऱ्याला सोबत एक मेकॅनिक आणायची परवानगी सूचनेतच लिहा. जी गाडी चालू होत नाही तिच्यापुढं ‘चालू होत नाही’ असं लिहा. त्यानं भाव पडेल, असं कुणी म्हणेल. माझा अनुभव उलटा आहे. न दिसणाऱ्या गाडीवर साधा माणूस बोलीच लावत नाही, लावतो तो भंगारवाला, आणि भंगाराच्याच भावानं. बघायला मिळालं तर चांगल्या गाडीला चांगला भाव देणारे मुरुड-श्रीवर्धनात खूप आहेत, आणि त्यात सरकारचा थकलेला करच वसूल होतो.

दुसरं, प्रत्येक लिलावाच्या गाडीमागं एक पानी स्थितिपत्रक. आपल्या मोटार वाहन निरीक्षकांना हे नवीन नाही, फिटनेसच्या वेळी ते याहून जास्त बघतात. चॅसी नंबरचा ठसा, मीटरवरचे किलोमीटर, इंजिन चालू होतं की नाही, एअरबॅगचा दिवा, चॅसी आणि पाट्यांचे हँगर खालून काढलेले दोन फोटो, पुराच्या खुणा. एवढं पान जोडलं की ‘जसं आहे’ या शब्दांना कागदावर अर्थ येतो.

फायनान्स आणि विमा कंपन्या आपल्या अखत्यारीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांनी विकलेली प्रत्येक गाडी शेवटी आपल्याच खिडकीवर येते. जप्त केलेली गाडी स्वतःच्या नावावर घ्यायला कंपनीला नमुना ३६ भरावा लागतो, सरकारनं किंवा सरकारतर्फे केलेल्या जाहीर लिलावात घेतलेल्या गाडीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम ५७ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ द्यावा लागतो. अशा प्रत्येक अर्जासोबत हेच एक पान जोडायला लावण्याचा प्रस्ताव आपण शासनाला आणि दिल्लीला पाठवावा. खिडकीवर मागितलं गेलं की यार्डात ते आपोआप तयार होईल. ही फक्त घेणाऱ्याची सोय नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. ज्याची पिकअप हप्त्यांपायी ओढून नेली, त्याच्याच नावावर ती वर्षानुवर्षं धावत राहिली आणि कुणाला ठोकरून गेली, तर नोटीस त्याच्याच घरी येणार. घर आधीच कर्जात, त्यात ही भर.

तिसरं मागणं मोठं आहे आणि एकट्या महाराष्ट्राच्या हातातलं नाही: विमा कंपनीनं टोटल लॉस म्हणून पैसे दिलेल्या गाडीची नोंद ‘वाहन’ प्रणालीत, पूर की अपघात हे लिहून, कायमची उमटावी, आणि नंबर टाकणाऱ्या कुणालाही ती दिसावी. २०२१ च्या पुरानंतर महाराष्ट्राइतकं याचं कारण दुसऱ्या राज्यांकडे क्वचितच असेल. हा आग्रह आपण धरला तर त्याला वजन येईल.

हे सगळं राज्यभर एका दिवसात होणार नाही, म्हणून सुरुवात पेणपासून करा. आमच्या एमएच-०६ मध्ये समुद्राची गाडी आहे, खाडीची आहे, महाडच्या पुराची आहे, एकाच कार्यालयात सगळ्या प्रकारचा गंज बघायला मिळतो. पुढच्या लिलावाच्या पाहणीला आपल्या निरीक्षकासोबत स्थितिपत्रक भरायला मी बिनपैशानं येईन. या तालुक्यातले आणखी दोघे-तिघे मेकॅनिकही तयार आहेत, मी त्यांना विचारलंय. बॅटरी, जॅक आणि टॉर्च आम्ही आणू. तारीख तेवढी कळवा.

कळावे,

आपला विश्वासू,
मुरुडचा एक गॅरेजवाला
मुरुड-जंजिरा, जि. रायगड